उपचाराचा ताळा

मी लातूरला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या धंद्याला भांडवल फारसे लागत नाही. घसा शाबूत हवा आणि उजवा हात फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत पोचायला हवा. गेल्या वर्षी पावसाळ्यात यांपैकी दुसऱ्या भांडवलाने दगा दिला. ज्ञानेश्वरांचे नाव लिहायला हात वर नेला, तो 'ज्ञा' निम्माअर्धा असतानाच खाली आला. तेव्हापासून मी फळ्याच्या खालच्या पट्टीत लिहू लागलो आणि मागच्या बाकावरच्या मुलांना मराठी साहित्य दिसेनासे झाले. पुढे पुढे सदऱ्याच्या बाहीत हात घालायलाही सौभाग्यवतींना हाक मारावी लागू लागली. रात्री त्या कुशीवर वळलो की कळ अशी यायची की झोप तेथेच संपे.

डॉक्टरांनी पाहून सांगितले, "खांदा आखडला आहे. चाळिशी ते साठी या वयात होतो, आणि तुमच्यासारख्या मधुमेहवाल्यांवर त्याची मर्जी जरा जास्तच. कधी वर्ष, कधी दोन-तीन वर्षेही घेतो. फिजिओथेरपी सुरू करा."

दिवाळीची सुटी तोंडावर आली होती. आमचे मूळ घर नांदेडला. आई तेथेच राहते. वडील गेल्यावरही तिने गोदावरीकाठ सोडला नाही. लातूरहून अहमदपूर, लोहा करीत एस.टी.ने आम्ही नांदेड गाठले आणि दुसऱ्याच दिवशी मी एका छोट्या फिजिओथेरपी दवाखान्याचा जिना चढलो. दवाखाना माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीचा. अकरावी-बारावीला ती माझ्या वर्गात होती. पहिल्या बाकावर बसायची आणि शुद्धलेखनाच्या चुका माझ्याही काढायची. अशा मुलीच्या हाती आपला खांदा द्यायचा म्हणजे थोडा धीर लागतोच.

तिने आधी हात लावलाच नाही. एक पारदर्शक, दोन पट्ट्यांचे कोनमापक काढले; त्याला गोनिओमीटर म्हणतात म्हणे. माझा हात पुढून वर न्यायला सांगितला आणि आकडा लिहिला : ९५ अंश. धडधाकट माणसाचा हात १८० अंशांच्या आसपास जातो. मग विचारले, "सर, शून्य म्हणजे दुखणे मुळीच नाही आणि दहा म्हणजे असह्य. तुमचे किती?" मी प्राध्यापकी बाण्याने वेदना शब्दातीत असते वगैरे सुरू केले. तिने "सात लिहिते," म्हणून विषय मिटवला.

नंतर टेबलावर डावा हात टेकून कमरेत वाकायला लावले आणि दुखरा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायला सांगितले. पुढे-मागे, मग लहान वर्तुळे. मी निराश झालो. दवाखान्यात कोपऱ्यात दोन-तीन सुंदर यंत्रे होती. हिरवे दिवे, वायरी, सगळे काही. मला वाटले होते, आपल्याला त्यातले एखादे लावतील.

"मशीन नाही का लावायचे?" मी विचारलेच.

ती हसली. "सगळे हेच विचारतात, सर. मशीन लावले की उपचार झाला, व्यायाम सांगितला की फसवले, असे आपल्याकडे वाटते. कंबरदुखीवर अल्ट्रासाउंड आणि विजेचे झटके देऊ नका, असे ब्रिटनमधल्या नाइस या अधिकृत संस्थेने २०१६ मध्येच सांगून ठेवले आहे. तेथे भर व्यायामावर. खांद्याचे दुखणे निराळे, तिथे शेकाने तात्पुरता आराम पडतो. पण हात वर जाईल तो हलवल्यानेच."

निघताना तिने सहज विचारले, "आजींचा हात कसा आहे आता?"

तेव्हा आठवले. अडीच वर्षांपूर्वी आई अंगणात पाय घसरून पडली होती. खांद्याजवळचे हाड मोडले, महिनाभर हात गळ्यात अडकवला होता आणि नंतर ती याच दवाखान्यात काही दिवस येत होती.

"छान आहे," मी म्हणालो. तिने कपाटातून जुना केसपेपर काढला आणि त्यावर तेवढेच लिहून ठेवले.

वाचकहो, या 'छान आहे'कडे मला पुढे परत यायचे आहे.

त्या सुटीत रोज सकाळी लंबक होऊन हलता हलता मी या व्यायामाचे मूळ शोधले. सवय पडलेली, शब्द भेटला की व्युत्पत्ती पाहायची, व्यायाम भेटला तरी तेच. हा व्यायाम एका अर्नेस्ट कॉडमन नावाच्या शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातला माणूस. खांद्यावरचा त्याचा मोठा ग्रंथ १९३४ साली निघाला आणि 'गोठलेला खांदा' हे माझ्या दुखण्याचे इंग्रजी नावही त्यानेच रूढ केले. पण या गृहस्थाचे खरे वेड दुसरेच होते. प्रत्येक रोग्याचे एक कार्ड करायचे. आला तेव्हा काय होते, आपण काय केले, हे लिहायचे. आणि वर्षभराने त्याला पुन्हा गाठून पाहायचे, की तो बरा झाला का? नसेल तर का नाही? चूक कोणाची? याला तो 'अंतिम फळाची कल्पना' म्हणे.

आपल्याला हे साधे वाटते. त्या काळच्या मोठ्या डॉक्टरांना ते अपमानास्पद वाटले. मोठ्या रुग्णालयातल्या जागा वयाच्या ज्येष्ठतेने नव्हे तर फळ पाहून द्या, असे त्याचे म्हणणे पडले, ते कोणी ऐकेना. १९१४ मध्ये त्याने तेथला राजीनामा दिला. पुढच्या वर्षी भर सभेत त्याने एक व्यंगचित्र लावले, वाळूत डोके खुपसून सोन्याची अंडी घालणाऱ्या शहामृगाचे, आणि सारे शहर त्याच्यावर उलटले. १९११ मध्ये त्याने स्वतःचे लहानसे रुग्णालय काढले होते. १९१६ पर्यंत तेथून ३३७ रोगी घरी गेले. त्यांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका त्याने स्वतः मोजल्या आणि छापून प्रसिद्ध केल्या. १९४० मध्ये तो वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो २०१४ मध्ये बसवण्यात आला.

कॉडमनची कार्डे मात्र मेली नाहीत. पुढे त्याच वाटेवर जी पद्धत उभी राहिली तिला 'क्लिनिकल ऑडिट' म्हणतात. १९८९ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या आरोग्यसेवेच्या नव्या योजनेत डॉक्टरांच्या कामाच्या अशा तपासणीचा आग्रह धरला आणि हळूहळू परिचारिका, फिजिओथेरपिस्ट अशा साऱ्यांच्याच कामाला ती लागू झाली.

ऑडिट म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. चष्मेवाला गृहस्थ, पावत्यांची फाइल, 'हा खर्च कोणत्या खाती?' असा दरडावून विचारलेला प्रश्न. येथे तसे काही नसते. मला या कामाला मराठीत एकच शब्द योग्य वाटतो, आणि तो आपण तिसरीत शिकलेला आहे : ताळा. भागाकार झाला की गुरुजी म्हणत, "ताळा पाहा." उत्तर आले एवढ्याने भागत नसे, ते उलट गुणून मूळच्या आकड्याला मिळते का, हे पाहायचे. दवाखान्यातला ताळाही तसाच. आधी ठरवायचे, की चांगले काम म्हणजे काय. मग जुने कागद काढून आपण प्रत्यक्षात काय केले ते पाहायचे. दोहोंत अंतर असेल ते का पडले हे शोधायचे, कामात बदल करायचा, आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजायचे. हे शेवटचे मोजणे राहिले तर आधीची सगळी खटपट फुकट. संशोधन आणि ताळा यांत फरक आहे तो येथेच. काय करावे हे संशोधन शोधते. जे करावे हे ठाऊक आहे ते आपण करतो का, एवढेच ताळा विचारतो.

आम्हा लातूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. 'लातूर पॅटर्न' म्हणून ज्याचा गाजावाजा झाला त्यात दुसरे काय आहे? चाचणी घ्या, पेपर तपासा, पोर कोठे अडते ते पाहा, तेवढे पुन्हा शिकवा, पुन्हा चाचणी घ्या. एक मोठा भेद मात्र आहे. आमच्याकडे चाचणीचा निकाल भिंतीवर लागतो आणि नंबर काढतात. दवाखान्याच्या ताळ्यात नंबर नसतो. तो काढला की माणसे चुका लपवू लागतात, आणि चुका लपल्या की ताळा कशाचा घेणार?

गेल्या पौषात माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, मागच्या तीन वर्षांत आलेल्या खांद्याच्या रोग्यांचे ऑडिट करते आहे. मराठीची मदत हवी."

तिने चार कसोट्या ठरवल्या होत्या. पहिली, प्रत्येक रोग्याचा कोन आणि दुखणे पहिल्या दिवशी लिहिलेले असावे. दुसरी, दर पंधरा दिवसांनी ते पुन्हा मोजलेले असावे. तिसरी, घरी करायचा व्यायाम रोग्याला कळेल अशा रीतीने लिहून दिलेला असावा आणि त्याच्याकडून एकदा करवून घेतलेला असावा. चौथी, रोगी न सांगता आठवडाभर आला नाही तर फोन करून कारण नोंदलेले असावे.

केसपेपर काढले तेव्हा पहिल्या कसोटीला ती जवळजवळ पूर्ण उतरली. दुसरीत डळमळली. गर्दीच्या दिवसांत फेरमोजणी राहूनच गेलेली. चौथीत तर साफ नापास. पुष्कळ कागदांवर शेवटची ओळ एकच होती : 'आराम. येणे बंद.'

"सर, हे 'आराम' मी कशावरून लिहिले, ते माझे मलाच सांगता येत नाही," ती म्हणाली. "रोगी आला नाही, म्हणजे बरा झाला असेल, असे मी धरून चालले."

आता या साऱ्यांना फोन करून विचारायचे होते. नावे माझ्यापासून झाकलेलीच होती. माझे काम प्रश्नांचे मराठी करण्याचे. इंग्रजी प्रश्नावलीवरून तिने एक मसुदा केला होता. त्यातला पहिलाच प्रश्न : 'डोक्याच्या पातळीच्या वरील क्रिया करताना आपणास कितपत अडचण जाणवते?' मी तिला म्हटले, बाई, असे विचारशील तर भोकरची म्हातारी फोन ठेवून देईल. मग आम्ही दोघांनी बसून प्रश्न मांडले. वेणी स्वतः घालता का? फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढता का? झंपर घालताना कोणाची मदत लागते का? परातीत पीठ मळता येते का? त्या कुशीवर झोप लागते का? शेवटी, यायचे का थांबलात?

आणखी एक पथ्य मी घालून दिले. 'बरे आहे ना?' असे कधीही विचारायचे नाही. या प्रश्नाच्या पोटातच उत्तर आहे. 'ना' लावला की समोरचा माणूस 'हो' म्हणूनच मोकळा होतो. नाही म्हणणे त्याला उद्धटपणाचे वाटते. हे सांगताना मी व्याकरण शिकवत होतो. स्वतःविषयी बोलत असल्याची मला कल्पना नव्हती.

मे महिन्याच्या सुटीत नांदेडला गेलो. प्रश्न नीट उतरलेत का, हे कोणावर तरी पारखून पाहावे म्हणून दुपारी आईसमोर कागद घेऊन बसलो.

"वेणी स्वतः घालतेस का?"

आई काही बोलली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "शेजारची पोरगी घालून देते की. रोज शाळेत जाताना येते."

"वरच्या फळीवरचा डबा?"

"डबे खालीच ठेवलेत सगळे. लागतातच किती मला!"

मी कागद बाजूला ठेवला. तिला हात वर करायला सांगितले. तो खांद्याच्या रेषेपर्यंतही आला नाही. अडीच-तीन वर्षे ही बाई एका हाताने संसार करीत होती. या काळात मी रोज रात्री फोन करीत होतो, आणि रोज विचारीत होतो, "बरं आहे ना?" ती म्हणत होती, "बरं आहे." सुटीला आलो की स्वयंपाक सौभाग्यवती करी, त्यामुळे दिसायचेही काही नाही. मी आत जाऊन पत्नीला विचारले, तर ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"आई, दवाखान्यात जाणं का सोडलंस गं?"

"तो जिना रे! चढून गेले की धाप लागायची. आणि ऑटोवाला जायचे-यायचे किती घ्यायचा! तू पैसे पाठवतोस, ते काय यात घालायचे? त्या पोरीने कागद दिला होता घरी करायला."

"मग?"

ती देवघरातून पोथी घेऊन आली. पोथीत खुणेसाठी तो कागद घडी करून घातलेला. उघडून पाहिला. व्यायाम व्यवस्थित छापलेले होते, क्रमवार, चित्राविना आणि सगळे इंग्रजीत. चौथीपर्यंत मराठी शिकलेल्या माझ्या आईने तो फेकला नव्हता. छापील कागद, तो टाकायचा कसा?

संध्याकाळी जिना चढून मी विद्यार्थिनीला सारे सांगितले. तिने केसपेपर काढला. 'आराम. येणे बंद.' आणि खाली, तिच्याच अक्षरात, गेल्या दिवाळीची तारीख घालून : 'मुलाच्या म्हणण्याप्रमाणे छान.' आम्ही दोघे बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो. त्या ओळीत तिची चूक होती तेवढीच माझी होती.

बाकीच्या फोनांनीही असेच काही सांगितले. काही खरोखरच बरे झाले होते. पण कोणी सोयाबीनच्या काढणीला गेले ते परत आलेच नाहीत. कोणाला आणायला घरात माणूस नव्हते. कोणाला व्यायामाने पहिल्या आठवड्यात दुखणे वाढले म्हणून भीती बसली होती. एकाने स्पष्ट सांगितले, "मशीन लावायचे बंद केले, मग कशाला यायचे?" या सर्वांच्या कागदावर 'आराम' होता.

या शास्त्राचा आपल्याकडचा प्रारंभ आठवला म्हणजे ही चुटपुट अधिक लागते. १९५०च्या दशकाच्या आरंभी पोलिओने लुळी झालेली मुले मुंबईच्या रुग्णालयांत येऊ लागली. त्या सुमारास केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा निघाली. पोलिओचा भारतातला शेवटचा रोगी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे फिजिओथेरपीचे शिक्षण मिळते. शिक्षण आले, यंत्रे आली. मात्र रोगी घरी गेल्यावर त्याच्या हाताचे काय झाले, हा प्रश्न अजून त्या-त्या माणसाच्या सद्बुद्धीवर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. मेलेल्यांची आणि पडलेल्या घरांची मोजदाद पुढे महिनोन्‌महिने कानावर पडे. ज्यांची मोडलेली हाडे जुळली, त्यांचे हात पुन्हा भाकरी थापू लागले का, हे कोणत्या वहीत लिहिले असेल, असे आता मनात येते.

माझ्या विद्यार्थिनीने जूनपासून काम बदलले. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन सकाळी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांची पुढची खोली मागून घेतली. फेरमोजणीची तारीख पहिल्याच दिवशी केसपेपरवर लाल शाईने लिहायची. दर सोमवारी न आलेल्यांना फोन. आणि व्यायामाचा कागद मराठीत, मोठ्या टाइपात, प्रत्येक व्यायामाशेजारी चित्र. मजकूर माझा आहे. आयुष्यात बरेच लिहिले. इतक्या वेळा खोडून दुसरे काही लिहिले नसेल. 'खांद्याच्या सांध्याचे परिभ्रमण' काढून 'परातीत पीठ मळताना फिरवता तसा हात फिरवा' असे लिहायला मला चार दिवस लागले.

दसऱ्यानंतर तिने पुन्हा कागद काढून मोजले. दुसरी कसोटी बरीच सुधारली. तिसरीही. चौथीत अजून भोके आहेत. गर्दीच्या सोमवारी फोन राहतात. तिने ते तसेच लिहून ठेवले आहे आणि होळीनंतर पुन्हा मोजणार आहे.

वाचकांपैकी कोणाच्या ना कोणाच्या घरात गुडघा, कंबर किंवा खांदा धरलेले माणूस असेलच. त्यांना माझे एवढेच सांगणे. पहिल्या दिवशी मोजमाप लिहून घ्यायला सांगा आणि पुन्हा केव्हा मोजणार ते विचारा. व्यायाम तुमच्या भाषेत मागा. जाणे सोडणार असाल तर जरूर सोडा, पण का सोडता ते सांगून सोडा. चांगला उपचारक त्याचा राग मानणार नाही. उलट त्याच्या हाती ताळ्याचा एक आकडा येईल.

'ऑडिट' या शब्दाची व्युत्पत्ती मी शेवटी पाहिलीच. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे, ऐकणे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवीत आणि तपासणारा बसून ऐके. मी तो अर्थ विद्यार्थिनीला कळवला. "मग मी अडीच वर्षे ऐकलेच नाही," एवढेच ती म्हणाली.

माझा हात आता १६० अंशांपर्यंत जातो. 'ज्ञा' पुन्हा फळ्याच्या माथ्यावर पोचला आहे. आईचे तसे नाही. इतके दिवस आखडलेला सांधा पूर्ण सुटणार नाही, हे तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगण्यात आले. चार महिन्यांत तिचा हात ८० वरून ११० पर्यंत आला. मधल्या फळीवरचा डबा निघतो. फणी पुढच्या केसांतून फिरते. वेणी मात्र अजून शेजारची पोरगीच घालते.

परवा दिवाळीसाठी नांदेडला आलो तेव्हा तिचा नवा केसपेपर पाहिला. शेवटची ओळ अशी आहे : 'वेणी जमत नाही. येणे चालू.'